प्रायमरीतलं भांडण म्हणजे गद्दारी नव्हे
अमेरिकेत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, लांबली की पक्ष फुटतो, म्हणून हरणाऱ्याने लवकर माघार घ्यावी, असं लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जूनपर्यंत लढले. पक्षाच्या अधिवेशनात मत देणाऱ्या फ्लोरिडा आणि मिशिगनच्या प्रतिनिधींची मतं धरायची की नाही, यावरून तर हमरीतुमरी झाली. तरी नोव्हेंबरात डेमोक्रॅट जिंकलेच ना?

मी तेव्हा न्यू जर्सीत होते. शेजारच्या आजींच्या अंगणात हिलरींची पाटी होती. हिलरींनी ७ जूनला माघार घेतली, पण आजींनी पाटी काढली नाही. "माझं मत कुणी गृहीत धरायचं नाही," म्हणायच्या. त्यांना पक्षद्रोही म्हणणारे शेजारी मी पाहिलेत, आणि त्याने त्या आणखी दुखावल्या.

मग उमेदवारीवर शिक्कामोर्तब करणारं पक्षाचं अधिवेशन डेन्व्हरला झालं. राज्यवार मतमोजणीत न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा हिलरी स्वतः उभ्या राहिल्या आणि ओबामांना आवाजी मतदानाने उमेदवारी द्या, असा ठराव मांडला. हरलेल्या बाईला मानाने बोलू दिलं, म्हणून हे घडलं. १९८० मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि त्यांना पक्षातूनच आव्हान देणारे टेड केनेडी यांच्यातली कटुता मात्र अधिवेशनाच्या व्यासपीठावरही लपली नाही, आणि रिपब्लिकन पक्षाच्या रेगननी ४४ राज्यं जिंकली. महागाई, इराणमधले ओलीस ही कारणं होतीच, पण दुभंगलेलं घरही होतं.

आजींनी टीव्हीवर तो ठराव पाहिला. दुसऱ्या दिवशी जुनी पाटी पुसून गॅरेजमध्ये जपून ठेवली आणि ओबामांची पाटी कुठे मिळेल, असं मला विचारायला आल्या.