काठी लिहितो

काल दुपारी नारायण पेठेत, सख्ख्या आत्याच्या जेवणाच्या टेबलावर, तिच्याच हातच्या चकलीचा तुकडा तोंडात असताना मी अनधिकृत ठरलो. स्क्रीनवर तसं स्वच्छ लिहून आलं: ४०१, अनऑथोराइज्ड. पुण्यात हा शब्द आजवर पत्र्याच्या शेडला, चौकातल्या फ्लेक्सला आणि शेजाऱ्याच्या गाडीला लागलेला ऐकला होता. माणसाला लागलेला पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माणूस मी.

झालं असं की आत्या घरगुती फराळ विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे क्यूआरवर, आणि कुणाचे साडेचारशे कुणाच्या चकल्यांचे हे ती रात्री अकरा वाजता स्क्रीनशॉट ताडून वहीत जुळवते. मी तिला म्हटलं, "आत्या, मी ऑटोमेट करून देतो." तेव्हापासून माझ्या तीन रविवारांचं मातेरं झालंय. बेत सोपा होता. गिऱ्हाइकाला लिंक जाणार, त्याने पैसे भरले की पेमेंट कंपनीचा सर्व्हर वेबहुकने आमच्याकडे हाक मारणार, शीटमध्ये आपोआप ओळ पडणार, आत्याच्या फोनवर निरोप जाणार. त्यासाठी एपीआयच्या, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या खिडकीच्या, दोन गोष्टी हव्यात, एक की आयडी आणि एक सीक्रेट. नाव आणि पासवर्ड म्हणा, दोन्ही मिळून किल्ली.

पण खऱ्या व्यवहाराची किल्ली केवायसीशिवाय मिळत नाही. आत्याच्या पॅनवर नाव पूर्ण, बँकेत मधलं नुसतं आद्याक्षर. खातं तिचंच आहे ना हे बघायला कंपनीने त्यात एक रुपया टाकला, नाव जुळेना म्हणून अर्ज परत आला. रुपया मात्र त्यांनी परत मागितला नाही, आत्याच्या मते एवढं एकच काम त्यांनी नीट केलं. मग म्हणे वेबसाइटवर परताव्याचं धोरण नाही. मी लिहिलं, "एकदा विकलेला फराळ परत घेतला जाणार नाही." पेठेत याहून स्पष्ट धोरण कुणाचं असतं? शेरा आला: किती दिवसांत ते नमूद करा. काय किती दिवसांत? किती दिवसांत परत घेणार नाही? शेवटी वैतागून "सात दिवसांत परत घेतला जाणार नाही" असं लिहिलं आणि ते मंजूर झालं. आठव्या दिवशी काय, असं आत्याने मला विचारून ठेवलंय.

ओटीपी अर्थातच आत्याच्या फोनवर. ती तो सांगेना. "कुणालाही सांगू नका असं लिहिलंय."
"अगं, मी तुझा भाचा."
"भाच्याचं वेगळं काही लिहिलेलं नाही."
शेवटी तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटाने सहा आकडे घातले.

आणि सीक्रेट आलं. एक चौकोन उघडला: हे आत्ताच जपून ठेवा, पुन्हा दाखवलं जाणार नाही. मी कॉपीचं बटण दाबलं. त्याच क्षणी वरच्या मजल्यावरचे काका लाइट बिल घेऊन आत आले.

काका बँकेत हेड कॅशियर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कुठलाही कागद हातात घेतला की आधी उजेडाकडे धरतात. "एवढं भरून दे रे," म्हणाले. दरमहा मीच भरतो. त्यांच्या जुन्या मेसेजमधून ग्राहक क्रमांक कॉपी केला, बिल भरलं, परत येऊन तो चौकोन बंद केला आणि ऑटोमेशनच्या खोक्यात सीक्रेट चिकटवलं. तिथे अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. त्यामुळे आपण महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक चिकटवलाय हे कळायला मला वीस मिनिटं आणि पाच वेळा ४०१ लागलं.

"लिहून नाही घेतलंस?" काकांनी विचारलं. मी डायबिटीसची गोळी चुकवली असावी अशा आवाजात.

मग ते वर गेले आणि लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही आणि शिसपेन्सील घेऊन आले. मी आत्याला पुन्हा खिडकीशेजारची ड्यूटी करून दाखवली, नवी किल्ली काढली.

"सांग," काका म्हणाले.
"काका, कॉपी केलंय."
"मघाशीही केलं होतंस."
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोवीस अक्षरं होती. मी वाचायला लागलो.
"कॅपिटल क्यू, स्मॉल झेड, सात, ओ."
"ओ की शून्य?"
"ओ वाटतोय."
"वाटतोय? चौतीस वर्षं कॅश सांभाळली. 'वाटतेय' म्हणून एक नोट आत घेतली नाही."
मी स्क्रीन मोठी केली. ओ निघाला. काकांनी तो लिहिला आणि पुढे शून्य आलं तर गोंधळ नको म्हणून समासात "ओ म्हणजे ओच" अशी टीप दिली.
"पुढे एक आय आहे. किंवा एल."
"पाय आहेत का त्याला?"
"नाहीत."
"डोक्यावर टोपी?"
"नाही. नुसती काठी आहे."
"मग काठी लिहितो." आणि त्यांनी खरंच एक काठी काढली.
"कुणाची काठी?" आत्या स्वयंपाकघरातून.

हे सगळं खणखणीत आवाजात, कारण काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंचा हात "स्मॉल एक्स"पाशी थांबला होता. जगात कुणालाही दिसू नये म्हणून एकदाच दाखवलं जाणारं ते गुपित अर्ध्या वाड्याने ऐकलं. शेवटी काकांनी खाली रेघ मारली, "लिहिणार" म्हणून स्वतः सही केली आणि "तपासणार"च्या पुढे माझी घेतली.

मी सीक्रेट चिकटवलं. ४०१.

आता हे सांगताना मला अजून कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात. मी चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वही लॅपटॉपशेजारी धरली आणि म्हणाले, "वहीत लाइव्ह लिहिलंय. तुझ्या खोक्यात टेस्ट आहे." गेल्या रविवारच्या चाचणीची की आयडी मी बदललीच नव्हती. आयडी खोटी, सीक्रेट खरं. "म्हणजे खेळण्यातल्या नोटांची चिठ्ठी आणि खऱ्या तिजोरीची किल्ली," काका म्हणाले, आणि हे त्यांनी आज सकाळी दूधवाल्यालाही सांगितलंय.

काकांचा राग नाही माझा. म्हणजे आहे, पण थोडा. राग या गोष्टीचा आहे की हे सगळं आपल्याकडून करून घेणारं कुणी समोर नसतं. काकांच्या बँकेत सही जुळली नाही की निदान खिडकीपलीकडे माणूस असायचा, त्याच्याशी भांडता यायचं, भांडून चहा घेता यायचा. इथे तीन रविवार मी चॅटच्या खोक्यात लिहितोय आणि समोरून "तुमची अडचण समजली" येतंय. काय समजली? माणसाचा वेळ वाचवायला काढलेली ही यंत्रणा चालवायला पूर्ण वेळ कारकून लागतो, आणि तो बिनपगारी असतो.

"काका, ते पान फाडून टाका," मी म्हटलं.
"वहीचं पान फाडायचं नसतं. तू नवीन किल्ली काढ, मी हिच्यावर 'रद्द' मारतो. आणि नवीन मला सांग."

तरी संध्याकाळी ते चाललं. पहिली लिंक गेली, पैसे आले, शीटमध्ये ओळ पडली, आत्याचा फोन वाजला. तिने चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. एक किलो चकली, चार रुपये पन्नास पैसे.

या एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यायची असते. ४५० रुपये म्हणजे ४५०००. रिझर्व्ह बँकेने पंचवीस पैशांपर्यंतची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून काढली, पण हे सर्व्हर अजून एकेक पैसा मोजतात आणि मी त्यांना साडेचारशे पैसे सांगितले होते.

मी गिऱ्हाइकाला फोन केला. गृहस्थ कोथरूडचे. "लिंकवर साडेचार होते, मी साडेचार भरले. पावती आहे माझ्याकडे."
"अहो, पण किलोभर चकली साडेचार रुपयांत?"
"मलाही स्वस्त वाटली. म्हणूनच लगेच भरले. आणि परत देणार असाल तर सात दिवसांत घेत नाही असं तुमच्याच साइटवर आहे."

आत्याने काही न बोलता आपली जुनी वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं आणि ४४५.५० लिहिले. मी फोन काढला तर म्हणाली, "रोख दे."