‘ॲसिडमध्ये जंतू जगत नाहीत, अल्सर तिखटानेच होतो’: या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज असा: पोटातलं ॲसिड प्रत्येक जंतू मारतं, अल्सर होतो तिखट आणि टेन्शनने, तेव्हा ॲसिडची गोळी पुरे, जंतूची तपासणी म्हणजे फुकटचा खर्च.

‘ॲसिड प्रत्येक जंतू मारतं.’ बहुतेकांना मारतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू मात्र तगून राहतो, कारण त्याच्याकडे युरिएज हे एन्झाइम भरपूर असतं. जठररसात थोडा युरिया असतोच. युरिएज त्यापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अमोनियाने भोवतालची आम्लता उतरते, जठराच्या अस्तरावरचा घट्ट चिकट थर सैल पडतो आणि जंतू त्यातून पोहत पेशींपर्यंत पोचतो. वॉरेन आणि मार्शल या डॉक्टरांनी 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला तो प्रयोगशाळेत वाढवला. 2005 चं नोबेल याच कामासाठी.

‘अल्सर तिखटाने होतो.’ तिखट झोंबतं, पण जठराला वर्षानुवर्षं सुजत ठेवतो आणि अल्सर घडवतो तो हा जंतू. अमोनिया पेशींना थेट इजा करतो. शिवाय युरिएजमुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि जंतू मारायला हायपोक्लोरस आम्ल सोडतात. त्याचा अमोनियाशी संयोग होऊन मोनोक्लोरामाइन बनतं. ते पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं. आपल्या बचावासाठी सोडलेलं रसायन जंतूच्या एन्झाइममुळे आपल्याच अस्तरावर उलटतं, आणि जंतू जागेवरच राहतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या हे अल्सरचं दुसरं मोठं कारण. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही, हे फार वाईट.

‘ॲसिडची गोळी पुरे.’ दुखणं थांबतं, जखमही भरते. जंतू तसाच राहतो, म्हणून अल्सर पुन्हा होतो. अँटिबायोटिकांसह बहुधा 14 दिवसांचा कोर्स लागतो. तो मध्येच सोडू नका.

‘तपासणी म्हणजे फुकटचा खर्च.’ एंडोस्कोपीत (नळीने पोट आतून पाहताना) काढलेला अस्तराचा तुकडा युरिया आणि फिनॉल रेड (आम्लता उतरली की रंग बदलणारं रसायन) घातलेल्या जेलमध्ये ठेवतात. युरिएज असेल तर पिवळं जेल गुलाबी होतं. 24 तासांपर्यंत वाट पाहतात. श्वासाच्या चाचणीत कार्बन-13 (थोडा जड, वेगळा ओळखता येणारा कार्बन) असलेला युरिया पाजतात आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तोच कार्बन शोधतात. गफलत होते ती इथे: पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही ॲसिडची गोळी चालू असताना जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून ही गोळी 2 आठवडे आधी थांबवा. अँटिबायोटिक घेतलं असेल तर 4 आठवडे जाऊ द्या. जंतू गेला का, हे पाहायलाही कोर्स संपल्यावर किमान 4 आठवडे थांबावं लागतं. त्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी करू नका. जंतू गेल्यावरही ती अनेक महिने पॉझिटिव्ह येत राहते.