विद्वानाचा 'ढ' कसा करावा?

तुमच्या ओळखीत एक तरी माणूस असा असेलच, जो तुमच्यापेक्षा जास्त वाचतो. चारचौघांत तुम्ही एखादं ठोक विधान करता आणि हा इसम चष्मा पुसत विचारतो, "म्हणजे नेमकं कोणत्या अर्थाने?" त्याला उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. उत्तर द्यायचं तर आधी त्याचं म्हणणं समजून घ्यावं लागतं, आणि तेवढी सवड असती तर आपणच विद्वान झालो नसतो का? त्यापेक्षा त्याच्या नावाचीच शिवी करून टाका. इंग्रजांनी हे काम एकदा इतक्या निगुतीने केलं आहे की आपण नुसती त्यांची वही उतरवून काढायची.

शब्द आहे 'डन्स'. अर्थ मठ्ठ, ठोंब्या, ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो. मास्तर ज्याला आपल्याकडे 'ढ' म्हणत, तोच. पण मुळात हे एका गावाचं नाव आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ डन्स नावाचं गाव आहे, तिथे १२६६ च्या सुमारास जॉन नावाचा मुलगा जन्मला. मोठा होऊन फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला, ऑक्सफर्डला आणि पॅरिसला शिकवू लागला आणि जोहान्स डन्स स्कोटस म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे 'स्कॉटलंडातल्या डन्सचा जॉन'. आपल्याकडे पुणेकर, नागपूरकर असतात त्यातलाच प्रकार. चाळिशी जेमतेम ओलांडली आणि ८ नोव्हेंबर १३०८ रोजी जर्मनीत कोलोनला वारला. तेवढ्या आयुष्यात त्याने इतकं लिहून ठेवलं की युरोपने त्याला 'डॉक्टर सबटिलिस' म्हटलं, सूक्ष्मबुद्धीचा आचार्य.

तेव्हा सावज निवडताना हात आखडू नका. साध्यासुध्या माणसाला मूर्ख म्हटलं तर त्याची कोणी नोंदसुद्धा ठेवत नाही. मूर्ख करायचा तो युरोपातला सगळ्यात बारीक डोक्याचा माणूस.

किती बारीक, ते बघा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन विटा घ्या. माती तीच, आकार तोच, भट्टी तीच. मग ही वीट 'ही' आहे आणि ती 'ती' आहे, हे कशामुळे? आपण म्हणू, चहा आण रे. स्कोटस म्हणाला, प्रत्येक वस्तूत तिचं स्वतःचं असं एक 'हे'पण असतं, जे दुसऱ्या कशातही नसतं. लॅटिनमध्ये त्याला 'हेक्सेइटास' असं नाव आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्यावर आजही भांडतात. आता अशा माणसाशी वाद घालून तुम्ही जिंकणार आहात का?

शिवाय तो जिवंत असताना काही करायला जाऊ नका. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप या बाबतीत घाईला आला. १३०३ मध्ये त्याचं पोप आठव्या बोनिफेसशी वाजलं, आणि पॅरिसमधल्या साधूंनी राजाची बाजू घ्यावी असं फर्मान निघालं. स्कोटसने नकार दिला. त्याला देशाबाहेर काढलं. झालं काय? पुढच्या वर्षी गडी परत हजर. जिवंत माणूस हाकलला की तो परत येतो, हा त्यातला मोठा दोष. इंग्रजांनी मात्र सव्वादोनशे वर्षं धीर धरला.

दरम्यान शिष्यांनी तयारी करून ठेवली होती. कोणत्याही गुरूचं नाव बुडवायचं तर बाहेरचे शत्रू पुरत नाहीत, त्याला घरचे भक्त लागतात. ही माणसं 'डन्समन' म्हणवली जात. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये नवी विद्या आली. ग्रीक शिका, हिब्रू शिका, मूळ ग्रंथ मुळातून वाचा, असं तरुण मंडळी म्हणू लागली. डन्समन खवळले. बायबलचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडलची तक्रारच आहे की हे लोक ग्रीक, लॅटिन आणि हिब्रूच्या नावाने प्रवचनपीठावरून आकांडतांडव करतात. खरं सांगायचं तर इथे माझी सहानुभूती नव्या पोरांकडे आहे. दोनशे वर्षं जुन्या टिपणांवर टिपणं काढत बसलेला आणि वर 'ग्रीक कशाला हवं' म्हणणारा माणूस वैतागच आणतो. पण लक्षात घ्या, हट्ट शिष्यांचा आणि खापर फुटलं गुरूच्या डोक्यावर. तुम्हीही हेच करायचं. मूळ ग्रंथ उघडायचा नाही. त्यातला पान नंबर फेकणारा एखादा चेला गाठायचा आणि त्याच्याकडे बघून गुरूची किंमत करायची.

गंमत म्हणजे सुरुवातीला 'डन्स'चा अर्थ मठ्ठ नव्हताच. १५७७ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी बखरीत म्हटलंय की शब्दाचा कीस पाडण्यात किंवा सूक्ष्म तत्त्वज्ञानात जो इतरांच्या वर जातो, त्याला शाळांमधून डन्स म्हणतात. म्हणजे अतिशहाणा. तिथून 'पुस्तकी किडा', आणि तिथून 'काहीच न कळणारा'. अतिशहाण्यापासून बिनडोकापर्यंतचा हा उतार इतका गुळगुळीत आहे की मधे पाय अडकायला एक दगड नाही. आपल्याकडे एखाद्याला 'बृहस्पती' म्हणताना तरी कुठे आपण देवगुरूंना नमस्कार करत असतो?

आता सरकारी मदत. तिच्याशिवाय कुठलीही शिवी अखिल राष्ट्रीय होत नाही. साल १५३५. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी काडीमोड घेतलाच होता. त्याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने विद्यापीठांच्या झाडाझडतीला माणसं पाठवली. त्यातला रिचर्ड लेटन ऑक्सफर्डला गेला आणि सप्टेंबरात त्याने साहेबांना अहवाल पाठवला. त्या पत्राची एक प्रत तुमच्या देवघरात असायला हवी. लेटन कळवतो: आम्ही डन्सला बोकार्डोत टाकलं आहे आणि ऑक्सफर्डमधून कायमचं हद्दपार केलं आहे. बोकार्डो हा ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीवरचा तुरुंग. तर्कशास्त्रातल्या एका अनुमानप्रकाराचं नावही बोकार्डोच, जे विद्यार्थी पाढ्यासारखं घोकत. दोन शतकांपूर्वी मेलेल्या तर्कशास्त्र्याला तुरुंगात टाकायचं तर नाव तरी जुळणारं हवं. सरकारी खात्यात एवढी रसिकता पुन्हा दिसली नाही.

पुढे तो लिहितो की डन्सची पानं आता सार्वजनिक शौचकुपांत खांबांना खिळ्याने ठोकलेली आहेत, ज्याला हवी त्याने घ्यावीत. आणि वर लॅटिनमध्ये जोडतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे! (तपासणी अधिकारी असावा तर असा. प्रत्यक्ष स्थळपाहणी.) न्यू कॉलेजमध्ये तो दुसऱ्यांदा गेला तेव्हा चौकभर फाडलेली पानं वाऱ्यावर उडत होती, आणि बकिंगहॅमशायरचे एक सद्गृहस्थ ती वेचत होते. तुम्हाला वाटेल, चला, एक तरी वाचक निघाला. नाही. त्यांना रानाच्या कडेने बुजगावणी लावायची होती, म्हणजे हरणं कागदाला बिचकून रानातच राहतात आणि शिकारी कुत्र्यांना बरं पडतं.

इथे एक छोटी खबरदारी. तुरुंगाची किल्ली जपून वापरा, कुलूप सगळ्यांना लागतं. पोपला न मानणाऱ्या नव्या मताचा मोठा आधारस्तंभ, आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर, वीस वर्षांच्या आतच त्याच बोकार्डोत येऊन बसला, आणि १५५६ मध्ये ऑक्सफर्डलाच त्याला जिवंत जाळलं. क्रॉमवेलचं डोकं तर १५४० मध्येच उडालं होतं, हुकूम त्याच्या त्याच राजाचा. पण तोवर शिवी रुळली होती. काम झालं की कामगार राहिले काय, गेले काय.

शेवटचा हात पोरांवर फिरवायचा. एकदा शब्द शाळेत शिरला की मग त्याला कोणी काढू शकत नाही. उंच शंकूच्या आकाराची कागदी टोपी करून ती मागे पडलेल्या पोराला घालायची आणि कोपऱ्यात उभं करायचं, ही इंग्रजी शाळांची रीत होती. 'डन्सची टोपी' हे नाव १८४० च्या सुमाराला छापलेलं सापडतं. अशी टोपी घातली की ज्ञान नरसाळ्यातून उतरावं तसं डोक्यात उतरतं, असं म्हणे स्कोटसच सांगायचा. गोष्ट झकास आहे, पुरावा मात्र कुठेच नाही. आमच्या वेळी टोपीचा खर्च नव्हता. अंगठे धरून उभं केलं की भागायचं.

आणि आपण तर इंग्रजांच्या दोन पावलं पुढे. त्यांना शिवीसाठी अख्खं गाव लागलं, आपण एका अक्षरात काम उरकलं. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं वळली, वाकली, ओळखू येईनाशी झाली. 'ढ' जवळपास होता तसाच राहिला. म्हणून वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसणारा तो 'ढ', असं सांगतात. ज्याने ही अक्षरं दगडावर कोरून घेतली तो अशोक स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवत असे, देवांचा लाडका. पुढे संस्कृत व्याकरणकारांनी या शब्दापुढे अर्थ लिहिला: मूर्ख. सम्राटाची पदवीसुद्धा सुटली नाही, मग तुमचा तो चष्मा पुसणारा कोण लागून गेला?

मात्र स्कोटसचं सगळं इतकं नीट जमूनही एक फट राहिली. येशूची आई मेरी हिला जन्मतःच पापाचा स्पर्श नव्हता, या मतासाठी तो पॅरिसमध्ये झुंजला होता. टॉमस अ‍ॅक्वायनससारख्या दिग्गज धर्मपंडिताला ते पटलेलं नव्हतं. १८५४ मध्ये पोप नवव्या पायसने तेच मत कॅथलिक धर्माचा अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केलं. १९९३ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलने स्कोटसला 'धन्य' म्हणून, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खाली, मान्यता दिली. हा माणूस मेल्यावरही परत येतो. चौथ्या फिलिपला कोणीतरी कळवायला हवं होतं.

आता समजा, पारडं फिरलं आणि उद्या कोणी तुमच्याच नावाची शिवी करायला घेतली, तर काय करायचं? कोलोनच्या चर्चमध्ये स्कोटसच्या थडग्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: स्कॉटलंडने मला जन्म दिला, इंग्लंडने जवळ केलं, फ्रान्सने शिकवलं, कोलोनने ठेवून घेतलं. शौचकुपाचा, खिळ्याचा, हरणांचा आणि टोपीचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा दगड आत्ताच कोरून घेणार असाल, तर खाली चार ओळींची जागा मोकळी सोडायला सांगा.