चोर स्विच आणि त्याचे वाटेकरी

माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून मी तिला चोर स्विच, म्हणजे बंद ठेवला की गाडी सुरू होऊ न देणारा लपवलेला स्विच, बसवून घेतला आहे, हे ऐकणारा प्रत्येक जण आधी हसून घेतो. "अहो, तुमची गाडी चोराने नेलीच तर संध्याकाळी तो ती परत आणून लावील आणि वर टाकलेल्या पेट्रोलचे पैसे मागेल," हे आमच्या मेहुण्यांचे वाक्य आता सबंध नातेवाइकांत फिरते आणि जो तो ते स्वतःला आत्ताच सुचल्यासारखे ऐकवतो. या मंडळींना चोरांचे अर्थशास्त्र ठाऊक नाही. पहिली आठशे १९८३ च्या डिसेंबरात ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण उत्पादन थांबले म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांना दरवाजे, काचा, कार्ब्युरेटर आणि अल्टरनेटर लागायचे थांबत नाहीत. सबंध गाडीला गिऱ्हाईक नसले तरी सुट्या भागांना असते, आणि चोराचा आपल्या गाडीवर जीव जडलेला नसल्याने तिचे तुकडे करताना त्याचा हात अडखळत नाही.

शिवाय नेणे सोपे. नव्या गाडीच्या किल्लीत चिप असते आणि तिची ओळख पटल्याखेरीज गाडीतला संगणक इंजिन सुरू होऊ देत नाही. माझ्या गाडीत संगणकच नाही. तिची किल्ली म्हणजे दातेरी पट्टी, आणि एवढ्या वर्षांच्या वापराने किल्लीचे दात आणि कुलपाच्या आतल्या पट्ट्या अशा दोन्ही बाजूंनी वयोमानानुसार आपापला हट्ट सोडला आहे. शेजारच्या काकांकडेही तशीच, तितकीच म्हातारी पांढरी आठशे होती. एका सकाळी ते स्वतःच्या किल्लीने माझ्या गाडीचे दार उघडून आत बसले, त्याच किल्लीने त्यांनी ती सुरू केली आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत नेली. तिथे डॅशबोर्डवरचे स्वामी समर्थ दिसेनात, तेव्हा काकांना शंका आली. त्यांनी गाडी जागेवर आणून लावली आणि वर येऊन मलाच बजावले, "तुमचा क्लच फार वर लागतो, बघून घ्या." काका सज्जन म्हणून गाडी परत आली. सज्जनांना जी गाडी चुकून नेता येते ती दुर्जनांना ठरवून नेता येईल, एवढा तर्क मला पुरेसा होता.

गाडी गेली तर विमा आहे, असे कोणी म्हणेल. माझ्या गाडीला कायद्याने सक्तीचा तेवढा थर्ड पार्टी विमा आहे. म्हणजे माझी गाडी दुसऱ्यावर आदळली तर दुसऱ्याची सोय आहे, पण दुसऱ्याने माझी गाडी नेली तर माझी सोय नाही. राहता राहिले पोलीस. चोरीचे पूर्वीचे ३७९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ३०३ झाले असल्याने निदान कागद तरी नवा निघेल. पण तपास लागला नाही तर शेवटी 'अ समरी' होते, म्हणजे तुमची तक्रार खरी आहे, एवढेच मान्य करून सरकार तपास बंद करते. दरम्यान चोराने आपल्या गाडीतून कुठे सिग्नल तोडला तर त्याचे ई-चलान आपल्या मोबाइलवर येत राहणार. पंधरा वर्षे उलटल्यावर पर्यावरण कर भरून, फेरनोंदणी करून, वर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून ज्या गाडीला मी कायदेशीर ठेवले, तिने माझ्या नावावर बेकायदा भटकावे हे मला सोसवणारे नव्हते.

उपाय तसे बरेच आहेत. गिअरला लॉक बसवता येते, पण ते दिसते, आणि जे दिसते ते कापता येते. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा आठशेसारख्या लहान गाडीत ठेवायचा म्हणजे एका प्रवाशाची जागा त्याला द्यावी लागते. बॅटरीची वायर रोज काढून ठेवावी तर घड्याळ रोज नव्याने लावावे लागते. आमच्या वडिलांचा उपाय याहून मूलगामी होता. ते त्यांची फियाट लावली की बॉनेट उघडत, डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतला रोटर उपसत आणि शर्टाच्या खिशात टाकत. अंगठ्याएवढा तो तुकडा नसेल तर एकाही प्लगला करंट पोचत नाही. १९४० साली, जर्मन सैन्य उतरण्याची भीती होती तेव्हा, ब्रिटनमध्ये उभ्या गाड्या अशा निकामी करून ठेवणे लोकांना सक्तीचे केले होते, आणि रोटर काढून घेणे हा त्याचा रूढ मार्ग होता. वडिलांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचा शत्रू मंडईत होता. मात्र त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला काळा डाग असे, आणि एकदा रोटर सदऱ्याबरोबर धुण्यात गेला तेव्हा आईने तो सोड्यात उकळून, उन्हात वाळवून, "तुमचं बटण सापडलं" म्हणून परत दिला होता. फियाट त्यानंतरही चालली. तेव्हाच्या वस्तू तशा होत्या आणि आईचे धुणेही.

मी स्विच बसवायचा ठरवला आणि नाना पेठेतून तो घेऊनही आलो. दुकानदाराने "कशाला हवाय?" असे इतक्या मोठ्याने विचारले, की उत्तर देण्याआधी मला मागे वळून पाहावे लागले.

आमचे वायरमन हे विलक्षण गृहस्थ आहेत. त्यांना काम सांगितले की ते आधी तत्त्वज्ञान सांगतात. "साहेब, स्टार्टर तोडायचा नाही. स्टार्टर तोडला तर चोर धक्का मारून चालू करतो, आणि आपल्याकडे धक्का मारायला माणसं मागावी लागत नाहीत, आपणहून येतात." हे मला पटले, गाडी ढकलणाऱ्याला आपल्याकडे कोणी नाव विचारत नाही. पेट्रोल तोडावे तर आठशेचा जुना पंप इंजिनावर चालतो, त्याला विजेचे बटण चालत नाही. आणि पेट्रोल अडवले तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्यावर गाडी थोडी धावते आणि नेमकी चौकाच्या मध्यभागी थांबते. म्हणून तोडायचा तो कॉइलचा करंट. किल्ली फिरवली की बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलला मिळतात, कॉइल त्यांचे हजारो व्होल्ट करते आणि डिस्ट्रिब्युटर ते तिन्ही प्लगना आळीपाळीने वाटतो. कॉइलकडे जाणारी वायर मध्येच तोडून स्विच घातला, की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टरही जोमाने फिरतो, फक्त इंजिन पेट घेत नाही. यातली खुबी अशी, की चोराला कुलूप लागल्याचा संशय येत नाही. गाडीच भंगार आहे असे त्याला वाटते. माझ्या गाडीच्या बाबतीत तर असे वाटायला त्याला मुळीच कष्ट पडणार नव्हते.

कॉइलचा सगळा भार बारक्या स्विचवर पडू नये म्हणून वायरमननी मध्ये रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, घातला. ३० आणि ८७ या पिनांना कॉइलची तुटलेली वायर, ८५ आणि ८६ यांना स्विचकडची बारीक वायर, असे ते पुटपुटत करीत होते आणि मी टॉर्च धरून उभा होतो. मग स्विच कुठे लपवायचा, यावर आमची दीर्घ चर्चा झाली. स्टिअरिंगखाली नको, कारण चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. सीटखाली नको, कारण दुसऱ्यांदा तिथे जातो. ॲशट्रेत नको, कारण आमचे सासरे गाडीत बसल्या बसल्या ती उघडतात. शेवटी एक जागा ठरली. ती मी इथे लिहिणार नाही; पण तिथे हात पोचण्यासाठी डावा खांदा दाराला टेकवून, मान हँडब्रेककडे वळवून, क्षणभर श्वास रोखावा लागतो. चोराची दिशाभूल व्हावी म्हणून वायरमननी स्टिअरिंगखाली लाल टोपीचा एक खोटा स्विचही स्वखुशीने बसवून दिला आणि त्याला हॉर्न जोडला.

गुपित जन्माला आले ते दुपारी बारा वाजता, आणि एक वाजता पत्नीला सांगावे लागले. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि तेव्हा मीच मागच्या सीटवर आडवा असलो तर, असा तिचा रास्त प्रश्न होता. तिने संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगितले, "कुणाला बोलू नकोस हं, पण यांनी ना…" मुलाला सांगणे भागच होते. गाडी धुणाऱ्या मुलाला सांगितले नाही; पण त्याने गाडी पुसताना लाल टोपी दाबली, हॉर्न वाजला, वॉचमन धावत आला, आणि मग दोघांना खोट्या स्विचचा खुलासा करताना खऱ्याचा उल्लेख ओघाने आलाच. पीयूसी काढायला गेलो तेव्हा केंद्रावरच्या पोराने नळी लावून "रेस करा" म्हणून सांगितले, आणि माझ्या त्या खांदा-मान-श्वासाच्या कसरतीकडे पाहून तो शांतपणे म्हणाला, "काका, चोर स्विच का? बरं केलंत."

याचा कळस एका लग्नात झाला. कार्यालयाच्या दारात गाडी लावून घेणारी मुले उभी होती आणि मागे नव्या गाड्यांची रांग लागली होती. अशा वेळी नुसती किल्ली देऊन चालत नाही, त्यासोबत गुपितही द्यावे लागते. मी त्या मुलाच्या कानाशी लागून जागा सांगितली. एका अनोळखी तरुणाच्या कानात मी कुजबुजतो आहे, हे वधूपक्षाने पाहिले आणि ते कोड्यात पडले. जेवणे झाल्यावर गाडी मागवली. ती आली नाही. आला तो हॉर्नचा आवाज, एकदा, दोनदा आणि मग एकसारखा. पाठोपाठ मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून हाक आली, "ओ काका, खरं बटण कुठलं?" मी हातवारे करून त्याला गप्प राहायला सांगत होतो, तोवर माझ्या शेजारून पत्नीने, मंगलाष्टकांना चढवावा तसा आवाज चढवून, जागेचा पूर्ण पत्ता सांगितला. उजवे, डावे, वर, खाली, सगळे. आइस्क्रीमच्या रांगेतल्या दोन गृहस्थांनी समजल्यासारखी मानही हलवली.

त्यापेक्षाही मोठा त्रास असा, की आता गाडी कशानेही बंद पडली तरी खरे कारण शोधायला कोणी तयार नसते. स्वारगेटच्या चौकात प्लगची वायर निसटून गाडी आचके देऊ लागली, तेव्हा मी बॉनेट उघडून उभा, मागचे रिक्षावाले माझ्या कुळाचा उद्धार करीत होते, आणि पत्नी आतून पुन्हा पुन्हा विचारत होती, "अहो, स्विच पाहिलात का?" स्विच बंद असता तर गाडी स्वारगेटपर्यंत आलीच नसती, हे मी सांगितले. "तरी पाहा," ती म्हणाली. मी पाहिला. ज्याने स्विच बसवून घेतला आहे त्याला तो पाहावाच लागतो.

लग्नाच्या त्या प्रकारानंतर जागा बदलणे आवश्यक झाले आणि मी पुन्हा वायरमनकडे गेलो. ते एका दुसऱ्या आठशेत डोके घालून बसले होते. माझी हकिकत ऐकून घेतल्यावर त्यांनी डोके बाहेर न काढताच विचारले, "तुमचा तिथंच आहे ना?" तिथंच म्हणजे कुठे, हे मी त्यांना सांगण्याआधीच त्यांनी सांगितले. मग उलगडा झाला, की ते सगळ्यांच्या गाड्यांत एकाच जागी बसवतात. "साहेब, गिऱ्हाईक विसरतं. रात्री अकराला फोन येतो, काका, स्विच कुठं बसवलाय? आता मी कोणाकोणाचं लक्षात ठेवू?" शेजारच्या काकांचाही तिथेच, या समोरच्या गाडीचाही तिथेच, आणि पलीकडच्या सोसायटीत तर चार. माझ्या गुपिताला इतके वाटेकरी आहेत, ही मला कल्पनाच नव्हती. मी जरा कडकपणे म्हणालो, की माझा स्विच अगदी वेगळ्या, दुसऱ्या कोणाच्याही गाडीत नसलेल्या जागी पाहिजे. त्यांनी विचार केला, वाकून पाहिले आणि खरोखरच एक अप्रतिम जागा काढली, जी मला शंभर वर्षांत सुचली नसती. काम झाल्यावर मी पैसे दिले आणि ही जागा कोणाला कळता कामा नये, असे त्यांना बजावले. ते दुखावल्यासारखे झाले.

"काळजीच करू नका," ते म्हणाले. "जागा झकास आहे. आता येतील तशा सगळ्यांच्या इथंच हलवून टाकतो."