पहाटेचा ४१ टक्के ऑक्सिजन आणि चष्मा घालवणारं दव

मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रह्ममुहूर्तावर हवेत ४१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून पहाटे चारलाच बाहेर पडा. दवानं भिजलेल्या गवतावर अनवाणी चाला, चष्मा सुटेल. कोवळ्या उन्हातून व्हिटॅमिन डी घ्या. पिंपळाखाली बसा, तो रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतो. आणि एक दिवस जरी खंड पडला, तरी केलेलं सगळं पाण्यात.

झाडाझुडपांत वेळ घालवला की बरं वाटतं, याबद्दल वाद नाही. पण मेसेजमधली कारणं खोटी आहेत आणि त्यांच्यापायी माणसं भलत्या वेळी, भलत्या जागी जातात.

ऑक्सिजनचं आधी. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, पहाटे चारला तेवढाच आणि दुपारी दोनलाही तेवढाच. उलट अंधारात प्रकाशसंश्लेषण बंद असतं आणि झाडांचं श्वसन चालू, त्यामुळे पहाटे जमिनीलगत कार्बन डायऑक्साइड किंचित जास्तच भरतो. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते धुरानं. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. शेकोट्या, पेटवलेला कचरा, डिझेलच्या गाड्या यांचा धूर त्या थराखाली कोंडतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या एखाद्या टेकडीवरून सकाळी शहराकडे बघा, करडा-तपकिरी पट्टा आडवा पसरलेला दिसतो. ऊन तापून हवा वर-खाली व्हायला लागली की तो विरतो, बहुधा नऊ-दहानंतर. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी हिवाळ्यात पहाटेचा हट्ट सोडावा आणि निघण्यापूर्वी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) पाहावा. १०० च्या आत असेल तर खुशाल जावं, २०० च्या वर असेल तर घरातच हातपाय हलवावेत.

पिंपळाचं लवकर आटपतं. ऑक्सिजन पाण्याचे रेणू फुटून निघतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पण ऑक्सिजन त्यासुद्धा उजाडल्यावरच सोडतात. पिंपळाखाली जरूर बसा. सावली चांगली असते.

दव आणि चष्म्याच्या दाव्यात मात्र गंमत आहे, कारण त्याच्या आसपास एक खरी गोष्ट आहे. लहान मुलांना मायनस नंबर (लांबचं धूसर दिसणं) येतो तो बहुधा डोळ्याच्या गोळ्याची लांबी वाढल्यामुळे. तळपायाला दव लावून ती लांबी कमी होत नाही. पण उघड्यावरच्या उजेडानं नंबर लागणं लांबतं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात दिव्याखाली सहसा ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतच उजेड असतो, बाहेर दिवसा सावलीतसुद्धा कितीतरी हजार. म्हणजे मुलांना दिवसाउजेडी मैदानात सोडायचं, तेही चप्पल-बूट घालून. आधीच लागलेला नंबर त्यानं उतरत नाही, हेही लक्षात असू द्या.

अनवाणी चालण्याचे धोके वेगळेच. ओल्या, घाण मातीतून अंकुशकृमीच्या (हूकवर्म या जंताच्या) अळ्या तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेही पायाला भेग असेल तर सहज. उंच गवतात घोणस असते. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर काटा रुतलेला कळतही नाही आणि जखम चिघळते. अशांनी गवतावरही अनवाणी चालूच नये.

कोवळं ऊन छान असतं, झोपेचं घड्याळ जागेवर आणायला त्याचा उपयोगही होतो. पण व्हिटॅमिन डी बनायला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण त्यात जवळजवळ नसतात, सूर्य तिरपा असताना ते वातावरणातच शोषले जातात. सोपी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. आणि फक्त तोंड उन्हात धरून भागत नाही, हात-पिंढऱ्या उघड्या लागतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. रक्ततपासणीत कमतरता निघाली असेल तर उन्हावर विसंबू नका, डॉक्टर सांगतील ती मात्रा घ्या.

राहिली खंडाची भीती. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात काढणाऱ्यांनी तब्येत आणि समाधान दोन्ही चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती मिनिटं एकदम काढली की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक पडला नाही. पाहणीच ती, त्यामुळे निसर्गामुळेच असं झालं हे तिच्यावरून सिद्ध होत नाही, पण रोजच्या सक्तीला तिच्यात काहीच आधार नाही. रविवारी दीड तास टेकडी आणि आठवड्यात दोनदा ऑफिसजवळच्या बागेत पंधरा-पंधरा मिनिटं, फोन खिशात ठेवून. झाली १२० मिनिटं. एखादा रविवार पावसानं बुडाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करा.