बाप्तिस्मा राहून गेला म्हणून तारण हुकले, असे शास्त्र म्हणत नाही

ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच राहतो: पाण्याचा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय कोणाचेही तारण नाही, कितीही विश्वास असो, कितीही प्रार्थना करा, पाण्यात उतरला नाहीत तर स्वर्गाचे दार बंद. खाली चार वचने दिलेली असतात: मार्क 16:16, प्रेषितांची कृत्ये 2:38, योहान 3:5 आणि 1 पेत्र 3:21. शेवटी शंका काढणाऱ्यांचे तोंड आधीच बंद करणाऱ्या दोन ओळी. एक, येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना विश्वास धरला आणि सुखलोकाचे वचन मिळवले, त्या चोराचे उदाहरण देऊ नका, तो जुन्या कराराखाली मेला. दुसरी, पहिल्या शतकापासून सगळी मंडळी हेच मानत आली आहे.

हा संदेश पुढे ढकलणाऱ्याला वाटते, आपण वचनाची सेवा केली. पण तो जातो कुठे? नवरा विश्वासात आला होता, बाप्तिस्म्याचा दिवस ठरायचा होता, आणि त्याआधीच तो गेला, अशा बाईच्या फोनवर जातो. घरच्यांच्या नकळत नवा करार वाचणाऱ्या सुनेच्या फोनवर जातो. त्यांना नरकाची भीती घालण्याआधी ती चार वचने नीट, मागच्यापुढच्या ओळींसकट वाचणे हे आपले कर्तव्य आहे.

बाप्तिस्मा घ्यावा की नाही हा वाद इथे नाही. घ्यावा. प्रभूने स्वतः यार्देनेत घेतला, आणि शिष्य करून त्यांना बाप्तिस्मा द्या ही मत्तय 28 मधली आज्ञा कोणी रद्द केलेली नाही. शक्य असून जो मुद्दाम टाळतो, त्याला पाळकाने बसवून विचारलेच पाहिजे की बाबा, अडले कुठे? प्रश्न तो नाही. ज्याचा ख्रिस्तावर विश्वास आहे पण ज्याच्या डोक्याला पाणी लागले नाही, त्याला देव नाकारतो का, हा प्रश्न आहे.

मार्कचे वचन फार वेळ घेणार नाही. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, जो विश्वास धरीत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल.’ संदेशात पहिला अर्धा भाग ठळक अक्षरांत असतो, दुसरा नुसता उरकलेला असतो. शिक्षा कशाची आहे ते दुसऱ्या भागात आहे: अविश्वासाची. ‘आणि जो बाप्तिस्मा घेत नाही’ हे शब्द तिथे नाहीत, ते वाचणारा आपल्या मनातून घालतो. शिवाय मार्क 16:9-20 हा भाग चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसला तो माहीत होता, त्यामुळे मी तो फेकून द्या म्हणत नाही. पण माणसाला नरकात पाठवणारा सिद्धांत निव्वळ या ओळीवर उभा करू नये.

आता प्रेषितांची कृत्ये 2:38, म्हणजे पन्नासाव्या दिवसाचे येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण. ‘पश्चात्ताप करा आणि तुमच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून तुम्ही प्रत्येक जण येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या.’ एवढेच वाचले तर संदेशवाल्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच पेत्राचे पुढचे भाषण एकाच अध्यायानंतर, शलमोनाच्या देवडीत आहे. तिथेही लोकांना पापक्षमेचीच वाट दाखवायची आहे, आणि तिथे तो म्हणतो, पश्चात्ताप करा व वळा, म्हणजे तुमची पापे पुसली जातील. पाण्याचा शब्दही नाही. पाण्याशिवाय क्षमाच नसेल, तर पेत्राने त्या गर्दीला अर्धीच सुवार्ता सांगितली असे म्हणावे लागेल. ते कोणी म्हणेल?

त्याहून मोठी गोष्ट कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे. कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी नातेवाईक आणि जवळचे मित्र जमले आहेत. पेत्र बोलतो आहे. जो कोणी ख्रिस्तावर विश्वास ठेवतो त्याला त्याच्या नावाने पापांची क्षमा मिळते, हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडते आणि भाषण पुरे होण्याआधीच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. पेत्राबरोबर आलेले यहूदी थक्क होतात. तेव्हा कुठे पेत्र विचारतो, आपल्यासारखाच ज्यांना पवित्र आत्मा मिळाला, त्यांना पाण्याची मनाई कोण करील? म्हणजे आधी वचन, मग विश्वास, मग आत्मा आणि सर्वांत शेवटी पाणी. देवाने ज्यांच्यात वास केला, ते लोक त्या घटकेला तारणाबाहेर होते का? आत्मा उतरल्यापासून पाणी येईपर्यंत कर्नेल्य कोसळून मेला असता, तर तो नरकात गेला असता? संदेशातल्या नियमाप्रमाणे ‘हो’ म्हणावे लागते. यरुशलेमेच्या परिषदेत, पंधराव्या अध्यायात, पेत्र याच प्रसंगाचा अर्थ स्वतः लावतो: देवाने त्यांची अंतःकरणे विश्वासाने शुद्ध केली. दुसऱ्या अध्यायातल्या वाक्याचा अर्थ पेत्रापेक्षा आपल्याला जास्त कळतो असा दावा मी तरी करणार नाही.

प्रेषित पौलाचेही इथेच पाहू. करिंथात गट पडले होते, त्यावर तो लिहितो की क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय मी तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. मग त्याला आठवते, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कोणाचा केला की नाही ते आठवत नाही. तो गटबाजीवर बोलतो आहे, बाप्तिस्म्याला कमी लेखत नाही, हे खरे. तरीही, जे केल्याने माणूस नरकातून सुटतो ते मी फारसे केले नाही म्हणून देवाचे आभार, असे पौलासारखा माणूस लिहील? आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याच लोकांना तो सांगतो, मी तुम्हांला सुवार्तेच्या योगे ख्रिस्त येशूमध्ये जन्म दिला. बाप्तिस्मा बहुतेकांचा दुसऱ्या कोणी केला होता, पण जन्म झाला तो सुवार्तेने.

योहान 3:5 आणि चोर हे दोन्ही मुद्दे एकत्रच घेतो, कारण संदेशाची गाठ इथेच सुटते.

रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला येशू सांगतो, पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. हे पाणी म्हणजे ख्रिस्ती बाप्तिस्मा, असे पुष्कळ प्राचीन लेखकांनी मानले आहे आणि त्या वाचनाचा मला आदर आहे. पण त्याच संभाषणात येशू निकदेमाला टोकतो: तू इस्राएलाचा गुरू आणि तुला हे समजत नाही? गुरूला समजायला हवे होते ते त्याच्या हातातल्या शास्त्रात असणार. ते यहेज्केल 36 मध्ये आहे: मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन, तुम्हांला नवे हृदय देईन, माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन. तिथे पाणी आणि आत्मा दोन्ही आहेत, आणि सगळे देव करतो आहे. पुढे त्याच अध्यायात येशू रानातल्या सर्पाची आठवण देतो, ज्याच्याकडे नुसते पाहून माणसे वाचली, आणि मग येते सगळ्यांना पाठ असलेले सोळावे वचन: जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होत नाही.

आता चोर. तो जुन्या कराराखाली होता, ख्रिस्ती बाप्तिस्मा पुनरुत्थानानंतर सुरू झाला, असे संदेश म्हणतो. ठीक आहे. मग निकदेमाशी बोलणे चोराच्याही आधीचे आहे. तेव्हाच पाण्याच्या बाप्तिस्म्याची अट लागू झाली असेल, तर ती चोरालाही लागू होती आणि तरी तो सुखलोकात गेला. अट पुनरुत्थानानंतर लागू झाली असेल, तर योहान 3:5 ला अटीचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच संदेशात चालत नाहीत. आणि चोर येशूच्या आधी मेला असे गृहीत धरणाऱ्यांनी योहान 19 काढावा. शिपायांनी दोघा चोरांचे पाय मोडले, कारण ते जिवंत होते. येशूकडे आले तेव्हा तो आधीच मरण पावला होता. करार मृत्युपत्रासारखा असतो, तो करणाऱ्याच्या मृत्यूने अमलात येतो, असे इब्री 9 सांगते. म्हणजे चोराने शेवटचा श्वास घेतला तो नवा करार अमलात आल्यावर.

पेत्राच्या पत्रातले ‘बाप्तिस्मा तुम्हांला तारतो’ हे शब्द संदेशात एवढेच तोडून दिलेले असतात. पेत्र त्याच वचनात लगेच खुलासा करतो: हे देहाचा मळ काढणे नव्हे, तर शुद्ध विवेकभावाने देवाला केलेली विनवणी आहे, आणि ती येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या द्वारे. लेखकाने स्वतः घातलेली सावधगिरी कापून वचन पाठवणे बरे नव्हे.

‘सगळी मंडळी नेहमी हेच मानत आली’ या दाव्यावर मात्र थांबायला हवे, कारण तो ऐकून माणसे दबतात. प्राचीन मंडळीने बाप्तिस्म्याबद्दल फार कडक शब्द वापरले, हे खरेच आहे. ऑगस्टिन तर बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या बाळांबद्दलही कठोर होता. पण त्याच मंडळीने बाप्तिस्म्याची तयारी करत असताना ख्रिस्तासाठी मारल्या गेलेल्यांना हुतात्मे मानले, त्यांचा बाप्तिस्मा रक्ताने झाला असे म्हटले. आणि 392 सालचा एक प्रसंग प्रत्येक पाळकाला माहीत असावा. रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन हा विशीतला तरुण. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून त्याने मिलानचे बिशप अ‍ॅम्ब्रोज यांना बोलावणे धाडले, आणि ते पोचण्याआधीच गॉलमधल्या व्हिएन गावी तो मृत सापडला. बाप्तिस्मा राहिला म्हणून बहिणी आक्रोश करत होत्या. अ‍ॅम्ब्रोज यांनी अंत्यविधीच्या प्रवचनात त्यांना सांगितले, इच्छा करणे आणि मागणे याहून माणसाच्या हातात आणखी काय असते? त्याने मागितले, म्हणून त्याला मिळाले. वर उल्लेख केलेल्या त्या बाईला द्यायचे उत्तर सोळाशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. ऑगस्टिननेही चोराचा विचार करून लिहिले की वेळच उरला नसेल, तर विश्वास आणि मनाचे परिवर्तन बाप्तिस्म्याची उणीव भरून काढू शकते.

कॅथलिक मंडळी बाप्तिस्मा आवश्यक आहे असे ठामपणे शिकवते. 1547 च्या ट्रेंट परिषदेने तसा नियमच केला. पण त्याच परिषदेने ‘किंवा त्याची इच्छा’ ही जोडही दिली, आणि आजची कॅथलिक धर्मशिक्षा सांगते की देवाने तारण स्नानसंस्काराशी, म्हणजे बाप्तिस्म्याशी, बांधले आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. विसाव्या शतकात बॉस्टनचे धर्मगुरू फीनी हे संदेशासारखीच टोकाची भूमिका घेऊन बसले, तेव्हा 1949 मध्ये रोमहून पत्र पाठवून ती खोडून काढण्यात आली. प्रॉटेस्टंट बाजूला वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र दोन्ही टोके आवळते: बाप्तिस्म्याची हेळसांड हे मोठे पाप, पण त्याच्याशिवाय कोणाचे तारण होऊच शकत नाही असे नाही, आणि बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण नवा जन्म पावलेला आहे असेही नाही. मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) तर 1883 पासून पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. त्यांची ही भूमिका मला पटत नाही. पण अहिल्यानगरला बूथ हॉस्पिटलात रुग्णांची सेवा करत आलेल्या त्या विश्वासणाऱ्यांना तारणाबाहेर काढायची माझी छाती नाही.

उलट बाजूही पाहा. पाणी लागले की तारण झाले, असे असते तर शोमरोनातल्या शिमोन जादूगाराचे काय? कृत्ये 8 मध्ये त्याचा रीतसर बाप्तिस्मा झाला, आणि थोड्याच वेळात पेत्र त्याला म्हणतो की तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने सरळ नाही. आपल्याकडची साक्ष त्याहून जवळची आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला, मुलगी मनोरमेसह. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळले, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. रमाबाईंनी त्या बाप्तिस्म्याला फसवा म्हटले नाही. पाणी आणि ख्रिस्त या दोन गोष्टींची गल्लत मात्र त्यांनी होऊ दिली नाही.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उलटे झाले. 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने नवा करार हातात दिला, डोंगरावरील प्रवचनाने मन जिंकले, आणि बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 ला. मधल्या काळात ते ख्रिस्ताचे नव्हते असे कोण म्हणेल? 1917 मध्ये त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा ठेवली. त्यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. पण टिळकांनी स्वतः बाप्तिस्म्याची पुरती किंमत मोजली होती, बायकामुलांची ताटातूट सोसली होती. त्यांनी तो स्वस्त केला असे म्हणता येणार नाही.

‘तारणाला लागत नसेल तर लोक बाप्तिस्मा घेतील कशाला?’ असे मला नेहमी विचारले जाते. रोम 4 मध्ये याचे उत्तर आहे. अब्राहामाला विश्वासाने नीतिमान ठरवले गेले तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. सुंता नंतर आली, आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणून. तरी अब्राहामाने ती टाळली नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याने सांगितले आणि आपण चारचौघांत ते केले, यापेक्षा वेगळे कारण विश्वासणाऱ्याला लागू नये. नरकाच्या धाकाने पाण्यात उतरवलेल्या माणसाने काय कबूल केले, हे पाळकालाही सांगता येणार नाही.

म्हणून तो संदेश पुन्हा आला, तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला कृत्ये 10 आणि 15 वाचायला सांगा. तुमच्या मंडळीत कोणी विश्वासात आहे पण बाप्तिस्म्याला अडले आहे, तर त्याच्या घरी जा, काय अडचण आहे ते ऐका, आणि मार्ग निघत असेल तर पाण्याची सोय करा.