अध्यक्षांच्या परवानगीने

चारचौघांत मी बरा बोलतो. पाचवा आला की घसा खाकरतो आणि दहावा आला की तोंडाला कुलूप. ऑफिसात हे खपून जातं, कारण तिथे गप्प बसणाऱ्याला लोक विचारी समजतात. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र पंचाईत होते. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असा कायदाच आहे, त्यामुळे पितृपक्ष असो की आणखी काही, तिच्यातून सुटका नाही.

यंदा तर बोलायलाच हवं होतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्ची आमच्या बेडरूममध्ये गळते. गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, असं उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय. कायदा माझ्या बाजूने, ओल माझ्या भिंतीला. कमी होती ती फक्त आवाजाची. आदल्या रात्री सराव केला. "आदरणीय अध्यक्ष महोदय" इथपर्यंत छान गेलं. बायको म्हणाली, "अहो, ते तळमजल्यावरचे काका आहेत. रोज हाफ पँटीत दूध आणायला जातात." तरी 'महोदय' काही सुटेना.

सभा दहाची. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, जी कमी असेल ती. दहा वाजता हजर कोण, तर सेक्रेटरी, मी आणि सतरंजी. सेक्रेटरींनी घड्याळ बघून सभा तहकूब केली आणि साडेदहाला तीच सभा त्याच सतरंजीवर पुन्हा सुरू झाली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही हे अख्ख्या सोसायटीला पाठ आहे, त्यामुळे खरी वेळ साडेदहाचीच. तेव्हा सगळे आले आणि माझ्या पोटात गोळाही आला.

इतिवृत्त मंजूर, हिशोब मंजूर. सिंकिंग फंडाबद्दल, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या पैशांबद्दल, कुणी ब्र काढला नाही. मग निघालं पार्किंग. "मला फक्त दोनच मिनिटं बोलायचंय," म्हणत एक निवृत्त गृहस्थ उठले आणि बिल्डरने ताबा दिला त्या वर्षापासून सुरू झाले. एकाच्या स्कूटरवर वरच्या कुंड्यांचं पाणी पडतं. ज्यांच्या कुंड्या, त्या ताईंनी लगेच जिन्यातल्या कुत्र्याचा विषय काढला, कारण कुत्रं स्कूटरवाल्याचं. माझं तर मत झालंय की सभेत बोलायला मुद्दा लागतच नाही. आधी बोललेल्या माणसाचा राग यावा लागतो. मला राग होता तो गच्चीचा, आणि ती काही सभेला आली नव्हती.

हात वर करायचं ठरवलं, पण तो कानाशीच अडला. मग नाइलाजाने कान खाजवला. समोरच्या बाईंनी चौकशी केली, "डास आहेत का हो?"

तोवर सेक्रेटरी भराभरा वाचत होते. "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम, खर्च जास्त असल्याने, पुढील वर्षापर्यंत स्थगित ठेवण्यात यावं. सूचक, खजिनदार. अनुमोदक?"

'गच्ची' ऐकताच माझा हात ताडकन वर गेला.

"अनुमोदक, पाचशे दोन!"

"नाही, म्हणजे मला..."

"बसा बसा, लिहिलं नाव. पुढचा विषय."

टाळ्यासुद्धा पडल्या.

सभा संपून सामोसे आले तेव्हा माझी वाणी जी सुटली म्हणता! लिफ्टपाशी तिघांसमोर माझे उपविधी सांगून झाले, दुरुस्ती निधी झाला, तो बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी कसा जमवायचा तेही सांगून झालं. तिघांपैकी एक खुद्द सेक्रेटरी. "अहो, इतका अभ्यास!" ते चटणी पुसत म्हणाले. "सभेत बोलायचंत की!"

पुढे इतिवृत्ताची प्रत घरी आली. बायकोने ती चष्मा लावून वाचली. ठराव एकमताने मंजूर, अनुमोदक म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"नाव अगदी शुद्ध लिहिलंय हो," ती म्हणाली. "आता तेवढी बादली ओतून या."